मागे राहिलेली दावण

त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी आषाढी एकादशीच्या आधी करमाळा तालुक्यातून पुढे जाते आणि रावगाव, जेऊर, कंदर या वाटेवर तालुक्यातील वारकरी तिच्यात मिसळतात. या वाटचालीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दाराला कडी लावून निघालेल्या कुटुंबाच्या गोठ्यात जी जनावरे उरतात, त्यांच्याकडे त्या दिवसांत कोण पाहते, हा प्रश्न वारीच्या वर्णनांत सहसा येत नाही. एका अंगाला भीमा व उजनीचा फुगवटा आणि दुसऱ्या अंगाला सीना असूनही ज्या तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत कोरडाच राहतो, तेथे दुभते जनावर हे लहान शेतकऱ्याच्या हाती रोजचा पैसा आणणारे साधन असल्याने, या प्रश्नाला मायेइतकीच हिशेबाचीही बाजू आहे.

जनावरांसाठीच्या संस्थांचा इतिहास महाराष्ट्रात जुना असला तरी त्यात याचे उत्तर सापडत नाही. मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली, ती निराधार जनावरांसाठी. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याखालचे कोंडवाडे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरे डांबण्यासाठी होते, आणि दुष्काळातल्या चारा छावणीत तर, 2018-19 मध्ये सोलापूर जिल्ह्यात दिसले त्याप्रमाणे, जनावरांबरोबर माणसेच मुक्कामाला येतात. मालक आहे, तो परत येणार आहे, पण आज घरी नाही, अशा जनावराची सोय यांपैकी कशातच बसत नाही आणि म्हणून ती शेजाऱ्यावर येते. पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांसाठी दिवसाच्या दराने चालणारी वसतिगृहे आहेत. करमाळ्याच्या वाड्या-वस्त्यांवर हेच काम सावडीने, म्हणजे आज याने त्याचे करावे व उद्या त्याने याचे, अशा बोलीवर चालते.

सावडीऐवजी मोबदल्यावर जनावर सांभाळले, तर त्या व्यवहाराला राखोळी म्हणतात. तिच्या अटी कागदावर नसतात, तरी दोन्ही घरांना त्या ठाऊक असतात: वैरण मालकाची, कष्ट राखणाऱ्याचे, आणि त्या दिवसांचे दूध राखणाऱ्याच्या घरात किंवा त्याच्या नावाने संकलन केंद्रावर. मुदत महिन्यांवर गेली, जसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबांचे होते, तर राखोळीची जागा अर्धेल घेते. तिच्यात मालक कालवड किंवा शेळी दुसऱ्याच्या हवाली करतो आणि पुढे होणारी पिले, अथवा विक्रीतून आलेली वाढीव किंमत, दोघांत निम्मी वाटली जाते.

गमतीचा भाग असा की 1872 च्या भारतीय करार कायद्याला हे प्रकरण नेमके ठाऊक आहे. परत घेण्याच्या बोलीवर आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे यास कायदा निक्षेप म्हणतो, आणि त्यातील कलम 163 समजावण्यासाठी दिलेले उदाहरण गाईचेच आहे: सांभाळायला ठेवलेली गाय व्याली, तर राखणाऱ्याने गाईबरोबर वासरूही मालकाला परत द्यावे. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेतो तेवढी काळजी राखणाऱ्याने घ्यावी, असे कलम 151 सांगते. तेवढी घेऊनही जनावर दगावले तर, वेगळा करार नसल्यास, कलम 152 त्याला जबाबदार धरत नाही. अर्धेलीत पिलात राखणाऱ्याचा निम्मा वाटा, तर कायद्यात त्याचा वाटा शून्य. परंतु कलम 163 विरुद्ध करार नसेल तरच लागू होत असल्यामुळे तोंडी ठरलेली अर्धेलही टिकू शकते, फक्त ती ठरली होती हे दाखवता आले पाहिजे.

हा सगळा व्यवहार ज्या एका गोष्टीवर अडतो ती कायद्यात नाही आणि वैरणीतही नाही. ती जनावराच्या कासेत आहे. दूध कासेत तयार असले तरी ते आपोआप सडात उतरत नाही. वासरू ढुशी देते किंवा ओळखीचा हात कास धुऊन चोळतो, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे द्रव्य, सुटते, ते कासेतील सूक्ष्म दुग्धकोशांना आवळते, आणि मगच जनावर पान्हा सोडते. या संप्रेरकाचा प्रभाव काही मिनिटांत ओसरतो, म्हणून दूध तेवढ्या वेळात काढावे लागते. भीती वाटली, नवा माणूस समोर बसला, कुत्रे अंगावर धावून आले, की अॅड्रिनालिन हे दुसरे द्रव्य सुटून ही क्रिया अडते. यालाच शेतकरी जनावराने पान्हा चोरला असे म्हणतात. गाईच्या कासेच्या खालच्या पोकळीत सुमारे पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेले असते, त्यामुळे परक्या हातालाही थोडे मिळते. म्हशीत हा साठा जेमतेम 5 टक्के असतो आणि पान्हा सुटायलाही जास्त वेळ लागतो. शेजाऱ्याची म्हैस सांभाळायला माणसे का कचरतात, याचे शरीरशास्त्र एवढेच आहे.

अर्धवट निघालेल्या दुधाची चुगली संकलन केंद्रावरचे यंत्र करते. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो, त्यामुळे त्या कासेतच राहिल्या की दुधाचे माप तर घटतेच, शिवाय फॅटही खाली येते आणि दर कापला जातो. कासेत साचून राहिलेल्या दुधाने पुढे कासदाहाचा धोका वाढतो, ज्याला गोठ्यात दगडी म्हणतात, आणि तो एका सडात मुरला तर मालक परतेपर्यंत तो सड कायमचा निकामी झालेला असू शकतो. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याची पळवाट काही जण काढतात. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक द्रव्य टोचणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली 2 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जाणती माणसे उलट करतात: निघण्याच्या आधीचे काही दिवस राखणारीला मालकिणीशेजारी बसवतात, वेळ तीच, भांडे तेच, पुढ्यात आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड, तीच, आणि हात तेवढा हळूहळू बदलतात.

येथे राखणारी आणि मालकीण असे म्हणणे मुद्दाम आहे. धार काढणे, शेणघाण आणि वासराची देखभाल ही कामे बहुतेक घरांत बाईकडे असतात, त्यामुळे नवरा एकटा वारीला गेला तर गोठ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो ती निघते तेव्हा. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे मुकादमाने उचल देऊन नेलेले नवरा-बायकोचे जोडपे, याच कारणाने गोठा रिकामा करून जातो, आणि मागे राहिलेल्या सासूच्या वाट्याला शेळ्या, नातवंडे आणि दारचा कुत्रा येतात. सावडीचे गुणगान करताना ती नेहमी कोणाच्या तरी घरी थांबलेल्या बाईवर उभी असते, हे विसरले जाते.

आता हा आधारच पातळ होत आहे. कुटुंबे लहान झाली आहेत, आणि गोठ्यात खिल्लार गाईऐवजी होल्स्टीन संकराची गाय आली आहे, जिला ठरल्या वेळी दोनदा पिळणे आणि उन्हात जपणे चुकत नाही. खिल्लारला दोन दिवस कडब्यावर काढता येतात, हिला नाही. आषाढवारीचा काळही अडचणीचाच: रब्बीच्या ज्वारीचा कडबा गंजीच्या तळाशी गेलेला, हिरवा चारा अजून हाताशी नाही, शेजारी स्वतःच्या पेरणीत. पहिल्या पावसावर ज्वारीच्या धसकटांना फुटलेले कोवळे कोंब राखणाऱ्याने कौतुकाने चारले, तर त्यांतील विषाने, ज्याला किराळ म्हणतात, जनावर काही तासांत आडवे होते. पाहुण्यांकडे जनावर नेऊन ठेवावे, तर करमाळ्याच्या सोयरिकी परांडा, जामखेड, कर्जत, इंदापूर अशा परजिल्ह्यांत पसरलेल्या. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यभर गुरांच्या वाहतुकीवर बंदी आली तेव्हा ही वाटही बंद झाली होती.

दारच्या कुत्र्याची सोय सर्वांत सोपी समजली जाते आणि तीच सर्वांत जास्त चुकते. शेजारचे भाकरी टाकतील या भरवशावर साखळीला बांधून गेलेल्या कुत्र्याची भूक कोणाच्या दुधात उतरत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षातही येत नाही. प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्याच कलम 11 खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेल्या या रकमेला आज कोणी भीत नाही, आणि भीत नाही यात नवल नाही.

तेव्हा दिंडीत नाव घालण्याआधी, पावसाच्या तोंडावर उठणाऱ्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस जनावराला व पिसाळण्यावरची लस कुत्र्याला द्यावी, कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक आणि पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा 1962 हा क्रमांक राखणाऱ्याकडे लिहून ठेवावा, आणि जनावर गाभण असेल तर वासरू कोणाचे, हे चार माणसांसमोर बोलून घ्यावे.