सुई की सुरी?

बँकेतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली. पण गावाकडच्या माणसांच्या लेखी मी अजूनही कर्ज मंजूर करणारा साहेबच आहे. गेल्या दिवाळीनंतर धारूर तालुक्यातून भाचा आला. सोबत त्याचा सतरा वर्षांचा मुलगा. भाच्याने चहाही होऊ दिला नाही.

"मामा, दोन एकरावर किती भेटतील?"

"कशाला?"

"याच्या कोपरात इंजेक्शन द्यायचंय. अडीच लाख म्हणतेत."

मुलगा भाला फेकतो. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटरवर सुवर्णपदक मिळवले, त्यानंतर खेडोपाडी जी पोरे वेळूच्या काठ्या घेऊन माळावर धावू लागली, त्यांतलाच हा एक. शाळेने खरा भाला दिला, जिल्ह्यात नंबर आला आणि मग कोपराच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागली. एमआरआयमध्ये अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, थोडा फाटलेला निघाला. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याने गुळगुळीत कागदावरचे रंगीत पत्रक हातात ठेवले होते: शस्त्रक्रिया नको, मूलपेशी टोचून घ्या, स्वतःच्याच शरीराने स्वतःला दुरुस्त करावे.

भाचा त्या पत्रकावर इतका का भाळला, हे मला विचारावे लागले नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. भाच्याची बायको तशांपैकीच. तिशीही उलटली नव्हती. पुढे तिच्याने मोळी उचलवेना आणि नवराबायकोचा कोयता अर्धा झाला. ज्या घराने सुरीचा असा अनुभव घेतला आहे, त्याला सुई देवासारखी वाटली तर नवल काय?

कर्जदार समोर बसला की आधी त्याची जुनी खाती काढायची, ही माझी सवय. म्हणून तीन रात्री नातवाच्या संगणकासमोर बसून या सुईची खाती काढली. ती सापडली अमेरिकेत, बेसबॉलच्या मैदानावर. चेंडू फेकणारा पिचर आणि भालाफेक करणारा यांचे दुखणे एकच. हात मागे ताणलेला असताना अंग पुढे झेपावते, त्या क्षणी करंगळीच्या बाजूच्या त्या अस्थिबंधावर सारा भार येतो. चऱ्हाटाचे पीळ एकेक तुटावेत तसा तो तुटत जातो.

१९७४ पर्यंत असा पिचर घरी बसे. त्या वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या खेळाडूच्या उजव्या हातातली एक कंडरा काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडून त्यांतून ओवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे. डॉक्टरच्या आधी रोग्याचे नाव लागले, असे वैद्यकात क्वचित घडते!

सुईचे खाते एवढे स्वच्छ नाही. बार्तोलो कोलोनने २०१० मध्ये अस्थिमज्जा आणि चरबी यांतल्या पेशी खांद्यात व कोपरात टोचून घेतल्या, २०११ मध्ये तो जोमात परतला आणि मूलपेशींचा बोलबाला झाला. (२०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यापायी त्याच्यावर पन्नास सामन्यांची बंदी आली, हे पत्रकात कोण छापणार?) २०१६ मध्ये एकाच संघातल्या दोघांनी हा उपाय केला. अँड्र्यू हीनीला दोनेक महिन्यांतच टेबलावर जावे लागले. गॅरेट रिचर्ड्स वाचला म्हणता म्हणता २०१८ मध्ये त्याचीही शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी जूनमध्ये शोहेई ओहतानीला पेशी टोचल्या आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला कोपर उघडले. मासाहिरो तनाकाचा अस्थिबंध मात्र २०१४ मध्ये रक्तातल्या प्लाझ्माचे इंजेक्शन आणि विश्रांती एवढ्यावर निभावला. पण तो पेशींमुळे नव्हे, आणि नुसत्या विश्रांतीनेच निभावला नसता असे कोण सांगणार? इंजेक्शन दिल्यावर हात आठवडेच्या आठवडे स्वस्थ ठेवतात. गुण औषधाचा की स्वस्थतेचा, हे या एकेकट्या गोष्टींतून ठरत नाही.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनी रक्ताचे काही विकार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचण्यांतच करा, असे बजावले. खेळाडूच्या कोपराचे त्या यादीत नाव नाही.

म्हणजे सुरीच बरी, असे मी म्हटले का? नाही. सचिन तेंडुलकरचे टेनिस एल्बो मे २००५ मध्ये लंडनला उघडले आणि ऑक्टोबरात तो नागपूरला ९३ धावा काढून गेला. पण ते दुखणे कोपराच्या बाहेरच्या बाजूचे, वेगळे. आमच्याच जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनाकोत पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली. त्याच्यामागे फौज उभी आहे. टॉमी जॉनच्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-सव्वा वर्ष जाते. आमच्या पोरामागे दोन एकर कोरडवाहू.

"पैसे कुठून फेडशील?" मी विचारले.

भाचा मुलाकडे न पाहता म्हणाला, "मुकादम उचल द्यायला तयार हाय. ह्यो आला तर पुरा कोयता व्हतोय."

कोपर बरे करण्यासाठी त्याच कोपराने ऊस तोडायचा. पोरगा खाली मान घालून पत्रकाची घडी घालत होता.

मी कर्जाचे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हात वाकवून, ताणून पाहिला. अस्थिबंध अखंड नाही, पण तुटलेलाही नाही. तीन महिने भाला बंद, खांद्याचे आणि कमरेचे व्यायाम, मग हळूहळू फेक. तरीही कोपर सैल राहिले तर शस्त्रक्रियेचे बघू. केसपेपरचे पैसे मी दिले. भाच्याला ते पटले नव्हते. एवढा प्रवास करून औषधच दिले नाही, असे तो एसटीत दोनदा म्हणाला. नंतर एकटाच, अर्धा कोयता म्हणून, टोळीबरोबर गेला.

परवा मी गावी गेलो होतो. ज्वारी हुरड्यात आलेली, पाखरांचे थवे उतरलेले. बांधावर पोराने गोफण उचलली. माळ्यावरून त्याची आई ओरडली, "डाव्या हातानं रं!" त्याने हात बदलला. दगड पाखरांना सोडून शेजाऱ्याच्या तुरीत गेला.