शेवाळाची बाटली आणि खताची गोणी

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर समुद्रशेवाळाच्या अर्काची बाटली बहुधा विद्राव्य खतांच्या शेजारी असते. घोटाळा या शेजारामुळेच होतो. साधा हिशेब मांडू. लिटरला २ मिली या मात्रेने एकरी २०० लिटर पाणी फवारले, तर अर्क लागतो ४०० मिली. त्यात अगदी एक टक्का नत्र धरले, तरी पिकाला मिळते जेमतेम चार ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते वीस किलोंहून अधिक असते. तेव्हा अर्काने पिकात फरक पडत असेल, तर तो पोटभर खाऊ घातल्याने नव्हे. त्याचे काम वेगळे आहे, आणि ते ओळखूनच त्याचे पैसे मोजावेत.

या अर्कांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे अॅस्कोफायलम हे तपकिरी शेवाळ नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाच्या खडकाळ किनाऱ्यांवर वाढते. ओहोटीला ते उघडे पडते, वाळते, भरतीला पुन्हा खाऱ्या पाण्यात बुडते. असे हाल सोसणाऱ्या या शेवाळात बीटेन, मॅनिटॉल, लॅमिनरिन अशी द्रव्ये असतात. त्यांतले लॅमिनरिन रोगबुरशीच्या भिंतीतल्या शर्करांशी मिळतेजुळते, त्यामुळे पानाला ती हल्ल्याची चाहूल वाटते आणि झाड आपली संरक्षणयंत्रणा जागी करते. मुळे फुटणे, क्षार किंवा पाण्याचा ताण सोसणे, फळधारणा यांवर अर्काचा चांगला परिणाम अनेक प्रयोगांत दिसला आहे. पण तो पीक, वेळ, मात्रा यांनुसार बदलतो; जमिनीत नत्र किंवा स्फुरदच कमी असेल, तर ती उणीव बाटली भरून काढत नाही.

नेमके कोणते द्रव्य किती काम करते हे बोट ठेवून सांगता येत नाही, मग यात विज्ञान कसले, असा आक्षेप येतो. शंका रास्त आहे, कारण शेवाळाची जात, हंगाम आणि काढण्याची रीत बदलली की अर्कही बदलतो. मात्र त्यातून निष्कर्ष निघतो तो उत्पादनागणिक पुरावा मागण्याचा. भारतात २०२१ साली जैव-उत्तेजके, ज्यांत हे अर्कही मोडतात, खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि अशा पुराव्याची अट कायद्यात आली. उशीर झाला खरा. तोवर काळसर रंग आणि मासळीसारखा वास एवढ्यावरच बरेच काही खपले.

आपल्याकडची कहाणी तमिळनाडूतल्या रामनाथपुरमच्या किनाऱ्याची. तिथे मुख्यतः मच्छीमार बायका बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस हे लाल शेवाळ वाढवतात. साधारण ४५ दिवसांत ते काढणीला येते. ताजे शेवाळ पिळून रस फवारणीला आणि चोथा कॅराजीनन या दाटपणा आणणाऱ्या पदार्थासाठी वापरण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने विकसित केली. एका मालातून दोन उत्पन्ने निघतात, म्हणून ही शेती परवडते. पण शेवाळ परके आहे, आणि मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर ते पसरल्याची नोंद आहे. म्हणून ‘समुद्री, म्हणजे निरुपद्रवी’ हे बाटलीवरचे गृहीतक मला पटत नाही.

उरतो शेतकऱ्याचा अनुभव: फवारले आणि बाग हिरवीगार झाली. अनुभव खोटा नसतो, पण त्याच आठवड्यात पाऊस झालेला असतो, खत पडलेले असते. चार ओळींवर नुसते पाणी फवारून बाकी सगळे सारखे ठेवले आणि काढणीला माल वेगळा तोलला, तर बाटलीचे पैसे वसूल झाले की नाही हे त्या वजनातूनच कळते.