दुसऱ्याने बांधलेलं विमान

मुलांनो, विमान काय फक्त कारखान्यातच बनतं? छे! अमेरिकेत हजारो हौशी माणसांनी घरच्या गॅरेजमध्ये विमानं बांधली आहेत, आणि ती उडतातही बरं का! पुढे कधीतरी बांधणारा आपलं विमान विकतो. नव्या मालकाला वाटतं, यात हे बदलू, ते बसवू. पण जरा थांबायला हवं. आधी विमानाची ओळख करून घ्यायला हवी. कारण एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमानंही अगदी सारखी नसतात.

जॉन डेन्व्हर या प्रसिद्ध अमेरिकन गायकाने 1997 साली असंच एक विमान विकत घेतलं. त्याचं नाव लाँग-ईझी. आराखडा बर्ट रुटान यांचा. जुन्या मोटारसायकलला पेट्रोलचा कॉक असतो ना, तसाच कॉक विमानातही असतो. एका टाकीतलं इंधन संपत आलं, की तो फिरवून दुसरी टाकी चालू करायची. रुटान यांनी तो वैमानिकाच्या पुढ्यात दाखवला होता. बांधणाऱ्याने मात्र तो बसवला डाव्या खांद्यामागे!

डेन्व्हर अनुभवी वैमानिक होते. हात नीट पोचत नाही, हे त्यांना ठाऊकही होतं. 12 ऑक्टोबरला ते उडाले आणि कॅलिफोर्नियाजवळ विमान समुद्रात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. तपासात निष्कर्ष निघाला, की कॉकसाठी मागे वळताना उजव्या पायाने सुकाणू दाबलं गेलं आणि विमानाचा ताबा सुटला.

म्हणून आधी जमिनीवरच अभ्यास करायचा. बांधणाऱ्याला भेटायचं, नोंदवही वाचायची. आसनावर बसून, डोळे मिटून प्रत्येक खटका हाताला सापडतो का ते बघायचं. अडचणीचा कॉक असेल, तर उड्डाणाआधीच जाणकाराकडून जागेवर आणायचा. प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून वजन करायचं. सी-सॉवर एक मुलगा थोडा मागे सरकला तरी फळी कलते ना? तसंच नाकातली बॅटरी शेपटीकडे हलवली, तर विमानाचा तोल बदलतो. हौसेचे बदल यानंतर, आणि एका वेळी एकच!

तुमच्या घरी जुनी सायकल आली, तर घंटी नि झिरमिळ्या लावायच्या आधी सांगा पाहू: उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, की मागच्या?