हिरड्यांतील रक्तस्राव : कारणमीमांसा व निगा

प्रस्तावना :
दात घासताना थुंकीत रक्ताची छटा दिसणे हा अनेकांचा अनुभव आहे. वेदना नसल्याने या लक्षणाकडे बहुधा दुर्लक्ष होते. काही जण तर हिरडीला इजा होईल या भीतीने त्या जागी ब्रश फिरविणेच थांबवितात. वस्तुतः हा उपाय व्याधीस पोषकच ठरतो. प्रस्तुत लेखात या रक्तस्रावाची कारणे व हिरड्यांची निगा यांचा विचार केला आहे.

रक्तस्रावाची प्रक्रिया :
दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर सातत्याने तयार होत असतो. त्यास ‘प्लाक’ असे म्हणतात. दात व हिरडी यांच्या सांध्यालगत तो साचून राहिल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणा जागृत होते. सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात, हिरडी लाल होऊन सुजते आणि तिचे दाताकडील अस्तर नाजूक बनते. अशा अस्तरातून ब्रशच्या हलक्या स्पर्शानेही रक्त येते. म्हणजेच ब्रश हे केवळ निमित्त असून दाह हे खरे कारण होय. साचलेला प्लाक लाळेतील क्षारांमुळे कठीण होऊन त्याचे कीटण बनते व ते ब्रशने निघत नाही.

प्रायोगिक पुरावा :
हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दातांची स्वच्छता थांबविली. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारणतः आठवडाभरात तो ओसरला. या टप्प्यावर विकार पूर्णतः बरा होऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होते. मात्र काही व्यक्तींत दाह खोलवर पसरून ‘पायोरिया’ होतो. त्यात दातांना आधार देणारे हाड झिजते. ही हानी बहुतांशी भरून येत नाही.

अन्य कारणे :
‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगातही हिरड्यांतून रक्त येते. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये खलाशांवर केलेल्या प्रयोगात संत्री व लिंबू यांचा गुण दिसून आला होता. तथापि, प्लाकमुळे झालेला दाह केवळ या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. गर्भावस्थेतील संप्रेरक-बदल व अनियंत्रित मधुमेह यांमुळे दाह बळावतो, तर रक्त पातळ करणारी औषधे व काही रक्तविकार यांमुळे रक्तस्राव वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत मात्र आजार असूनही रक्तस्राव कमी दिसतो व त्यामुळे फसवे समाधान मिळते. महाराष्ट्रात हिरड्यांसाठी गुणकारी समजून मशेरी लावली जाते, परंतु ती भाजलेली तंबाखूच असून मुखकर्करोगास कारणीभूत ठरते.

हिरड्यांची निगा :
१) मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, प्रत्येकी सुमारे दोन मिनिटे दात घासावेत.
२) ब्रश हिरडीच्या कडेशी सुमारे ४५ अंशांत तिरपा धरून हलक्या हाताने फिरवावा. जोर लावल्यास हिरड्या मागे सरकतात.
३) दातांमधील फटी दोऱ्याने (फ्लॉस) किंवा बारीक ब्रशने स्वच्छ कराव्यात.
४) कीटण दंतवैद्याकडून काढून घ्यावे. त्यामुळे दात ढिले होतात, हा गैरसमज आहे. हाड आधीच झिजलेले असल्यास कीटणाचा आधार गेल्यावर मूळचे ढिलेपण जाणवते, इतकेच.
५) तंबाखू सर्व स्वरूपांत वर्ज्य करावी.

निष्कर्ष :
रक्त येणाऱ्या जागी स्वच्छतेची गरज अधिक असते. नियमित स्वच्छतेनंतरही एक-दोन आठवड्यांत रक्तस्राव न थांबल्यास, अथवा दात हलत असल्यास दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. रक्त आपोआप पुष्कळ वाहत असल्यास किंवा अंगावर निळे डाग दिसत असल्यास विनाविलंब वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे. वेदना नाही म्हणून आजार नाही, ही समजूत दूर होणे हीच हिरड्यांच्या आरोग्याची पहिली पायरी होय.