सूर्यातल्या वायूची फुंकर

आमची धाकटी लहान होती तेव्हा सासूबाई तिच्या हाती गरम दुधाचा पेला देऊन म्हणत, ‘ऊदि कुडि’. फुंकून पी. या फुंकरीत केवढे शास्त्र आहे, हे भौतिकशास्त्र शिकवता शिकवता मला चाळिशीत उमगले.

उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखे दुसरे काही नाही, असे मी वर्गात छातीठोकपणे सांगत असे. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग फ्यूजन भट्टीसाठी हेलियम का म्हणतात?’ मला उत्तर येईना. मग वाचत बसलो.

फ्यूजन भट्टीत हायड्रोजनची अणुकेंद्रके जुळून ऊर्जा निघते. चुलीतली राख खालून ओढावी तशी तिथली ‘राख’ डायव्हर्टर नावाचा भाग काढतो. त्याच्या चौरस मीटरभर जागेवर १० मेगावॅट उष्णता आदळू शकते, म्हणजे दोन किलोवॅटचे पाच हजार गीझर! फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पात (यात भारतही भागीदार आहे) इथे पाणीच खेळवणार आहेत. पण आंबोळीचा तवा फार तापला की पाण्याचे थेंब वाफेच्या गादीवर नाचतात आणि तवा थंड होत नाही, हे गृहिणींना सांगायला नको. पाण्याची मर्यादा तीच. हेलियम उकळत नाही, कशाशी संयोग पावत नाही आणि ६००-७०० अंशांना खेळवता येतो. टंगस्टनलाही गारवा मानवत नाही, त्यात ते ठिसूळ होते.

मात्र हा वायू फार विरळ. म्हणून जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी तो वातावरणाच्या शंभरपट दाबाखाली घेतला आणि टंगस्टनच्या अंगुस्तानासारख्या टोपीत आतून, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठ्या चोवीस छिद्रांतून व मधल्या एका मोठ्या छिद्रातून, पृष्ठभागावर झोतांनी मारला. ओठ चंबू करून घातलेली फुंकरच ती! सेंट पीटर्सबर्गच्या येफ्रेमोव संस्थेत हे नमुने इलेक्ट्रॉनच्या झोताखाली तापवले. काही तडकले, तर काही १० मेगावॅटला टिकले.

अडचण पुढेच आहे. अशी ‘बोटे’ लाखांच्या घरात लागतात आणि प्रत्येकाला सांधे. एक सांधा गळला तरी आतली निर्वात पोकळी बिघडते. वायू फिरवायलाच बरीच वीज खर्ची पडते. म्हणून युरोपच्या पुढच्या भट्टीच्या आराखड्यात डायव्हर्टरसाठी अजून पाणीच पुढे आहे. त्या मुलाला मी हे दोन्ही सांगितले. माझे जुने वाक्य मात्र मागे घेतले.

या वायूची पहिली खूण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटात सापडली. विजयदुर्गचे नाव घेतले जाते, पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हते. गुंटूरला जान्सन होते आणि आपल्या जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. जमखंडी हे सासूबाईंचे माहेर. त्यांना हे सांगितले तेव्हा त्या ‘हौदा?’ म्हणाल्या आणि चहाच्या बशीवर फुंकर घालू लागल्या.