आवाज ओळखीचा, नाव मागाहून

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही हळदीच्या मांडवात मराठी पॉपची तारका कोण असं विचारा; उत्तरादाखल नाव येणार नाही, गाणं येईल. कुणी ‘ऐका दाजिबा’ म्हणेल, कुणी ‘कोंबडी पळाली’. दोन्ही वैशाली सामंत यांनी गायलेली, आणि दोन्ही वाजली की म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही पाय हलतात. पण डोळ्यांसमोर उभी राहते ती नाचणारी. गाणारीचं नाव आठवायला थोडा वेळ लागतो. सामंतांच्या दोन दशकांहून मोठ्या कारकिर्दीकडे पाहताना हीच गोष्ट सारखी समोर येते. मराठीत बाईचा आवाज घराघरांत पोचतो, पण त्या आवाजाची मालकीण तारका म्हणून उभी राहत नाही.

२००२: दाजिबाचं साल

हिंदीत पॉपचा जमाना तोवर चांगला मुरला होता. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचं ‘मेड इन इंडिया’ आलं, त्यात गाणारी तीच आणि दिसणारीही तीच. फाल्गुनी पाठक यांच्या व्हिडिओंतली प्रेमकहाणी भले दुसऱ्यांची असे, पण त्या स्वतः त्यात वावरत. मराठी कॅसेटचं दुकान मात्र वेगळ्याच मालावर चालत होतं: भावगीतं, भक्तिगीतं, लावण्या, कोळीगीतं, भीमगीतं. प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं, आणि डोंबिवलीतल्या ज्या घरात भावगीतं वाजत तिथे कोळीगीतांची कॅसेट बहुधा फक्त सहलीच्या बसपुरती निघे.

सामंत तेव्हा हिंदी चित्रपटांत पाय रोवत होत्या. ‘लगान’मधल्या (२००१) ‘राधा कैसे न जले’मध्ये आशा भोसले आणि उदित नारायण यांच्याबरोबर त्यांचा आवाज आहे; ‘साथिया’तल्या (२००२) ‘छलका छलका रे’मध्येही चार गायिकांत त्या एक आहेत. दोन्ही गाणी ए. आर. रहमान यांची. नवोदित गायिकेला हे भाग्यच. पण अशा गाण्यात नाव श्रेयनामावलीत राहतं, श्रोत्याच्या तोंडी बसत नाही.

मग अवधूत गुप्ते यांच्या संगीतातलं ‘ऐका दाजिबा’ आलं. ठेका आजचा, ढंग लावणीचा, लाडिक तक्रारीचा. व्हिडिओत नाचली ईशिता अरुण, समोर मिलिंद गुणाजी. ईशिता या इला अरुण यांची कन्या, म्हणजे लोकगीताला पॉपचा पेहराव चढवणाऱ्या आणि स्वतःच्या गाण्यावर स्वतःच मंच गाजवणाऱ्या गायिकेची मुलगी. इथे मात्र तिने दुसरीच्या आवाजावर ओठ हलवले. त्याच वर्षी हिंदीत ‘कांटा लगा’च्या रिमिक्सने शेफाली जरीवाला हे नाव रातोरात घरोघरी नेलं. मूळ गाणं लता मंगेशकरांचं, हे जाणत्यांना ठाऊक होतं. रिमिक्समध्ये गायलं कोणी, याची विचारपूस फारशी कुणी केली नाही. व्हिडिओच्या बाजारात गाणं बघायची वस्तू झालं होतं. मराठी पॉपची सुरुवातच नेमकी या बाजारात झाली.

फडके रोड आणि हळदीचा मांडव

‘दाजिबा’ ठाणे जिल्ह्यात जो रुजला त्याला इथली वस्ती कारण आहे. एकीकडे डोंबिवलीचा फडके रोड, जिथे दिवाळीच्या पहिल्या दिवशी भल्या सकाळी नटूनथटून तरुणाई लोटते. ठाण्यात तशीच गर्दी राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला. याच डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा पायंडा पाडला. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर या नाट्यगृहांतल्या दिवाळी पहाटेच्या मैफलींत अजूनही भावगीतं आणि नाट्यपदंच लागतात.

दुसरीकडे त्याच रिक्षाच्या अंतरावरची आगरी-कोळी गावं. आगरी लग्नात हळद रात्री रंगते, आणि तिथे बाईचा आवाज पूर्वीपासून मानाचा आहे. धवलारीण धवले गात लग्नाचे विधी पार पाडते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नसत. धवले संपले की बेंजो सुरू होतो. हा बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंगच, टाइपरायटरसारख्या कळांचा, पिकअप लावून अॅम्प्लिफायरला जोडलेला. वाजवणारा डाव्या हाताने कळा दाबतो, उजव्या हाताने तारा छेडतो, शेजारी ढोल-ताशा आणि कच्छी ढोलाचा दणका. बेंजोवर शब्द वाजत नाहीत, फक्त चाल वाजते. त्यामुळे शब्दांवाचून ओळखू येईल अशीच चाल तिथे टिकते. ‘दाजिबा’ टिकला, पुढे ‘कोंबडी’ टिकली. दोन्हींचे मुखडे आखूड, पुन्हा पुन्हा परतणारे, पहिल्या दोन सुरांत पकडता येणारे.

सामंतांची खरी कमाई ही की दोन्ही वस्त्यांनी त्यांना आपलं म्हटलं. त्यांचा सूर पक्का, शब्द स्वच्छ सुटलेला. फडके रोडच्या कानाला त्यात खटकण्यासारखं काही नाही. आणि वरच्या पट्टीत आवाज उघडा टाकून ओळीच्या शेवटी जो ठसका त्या देतात, तो मांडवाला हवा असतो. याआधी सुलोचना चव्हाण आणि उषा मंगेशकर यांच्या लावण्या मध्यमवर्गाने रेडिओवर मन लावून ऐकल्या, पण स्वतःच्या घरच्या कार्यात त्यावर नाचला नाही. तो नाचायला लागला दाजिबापासून.

कोंबडी आणि चमेली

‘श्वास’नंतर मराठी चित्रपटाने उभारी धरली, तशी सामंतांची गाणीही वाढली. केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये (२००४) सोनाली बेंद्रेवर चित्रित झालेलं ‘छम छम करता है’ त्यांचं. ‘गोलमाल’मधलं (२००६) ‘ही गुलाबी हवा’ही त्यांचं. हे दुसरं गाणं मुद्दाम ऐकावं. ठसका बाजूला ठेवून, श्वास राखून, हलक्या आवाजात त्यांना काय गाता येतं ते त्यात कळतं. लोकांनी मात्र त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा मागितला तो ठसकाच.

‘जत्रा’तली (२००६) ‘कोंबडी पळाली’ हे त्या मागणीचं शिखर. अजय-अतुल यांचं संगीत, जितेंद्र जोशी यांचे शब्द, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. आनंद शिंदे यांचा रांगडा, जलशाच्या परंपरेतला आवाज आणि त्याला जशास तसं उत्तर देणारा सामंतांचा आवाज: सवाल-जवाबाची जुनी रीत, नव्या ठेक्यावर. आनंद हे प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र. कल्याण-उल्हासनगरच्या वस्त्यांत भीमजयंतीला शिंदे घराण्याचं गाणं ठरलेलंच. म्हणजे या एका गाण्यात तिसरी वस्तीही सामील झाली.

पुढे २०१२ साली अजय-अतुल यांनी हीच चाल ‘अग्निपथ’मध्ये नेली आणि ती ‘चिकनी चमेली’ झाली. पडद्यावर कतरिना कैफ, आवाज श्रेया घोषाल यांचा. श्रेयाबाईंनी ते झकास गायलं, त्यात वाद नाही. पण चाल देशभर गेली आणि जिने ती आधी गावोगावी पोचवली होती तिचा आवाज मागे राहिला. हिंदीला मराठीतून काय हवं असतं, ते इथे उघड दिसलं.

परीक्षकाची खुर्ची

सामंतांचा चेहरा महाराष्ट्राने नीट पाहिला तो ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मध्ये. २००८-०९च्या त्या पर्वात झी मराठीवर त्या आणि अवधूत गुप्ते परीक्षक होते, सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचं. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत यांना लोकांनी घरच्या पोरांसारखं डोक्यावर घेतलं. २०२१च्या पर्वात हीच पाच मुलं परीक्षकांच्या जागी बसली. गाजली ती मुलं अभंगांवर, नाट्यपदांवर. आणि त्यांना गुण देणारी दोन माणसं मात्र ‘दाजिबा’ची. भावगीताच्या घरांनी मराठी पॉपला मान्यता दिली ती अशी, मागच्या दाराने.

वाजतं ते कुणाच्या खात्यात?

आता पैशाची बाजू. गायकाला ध्वनिमुद्रणाचं एकदाच मानधन मिळायचं आणि विषय संपायचा. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीसाठी भांडण मांडलं, त्यावरून महंमद रफींशी काही वर्षं अबोलाही धरला. कायद्याने गायकाला वाटा दिला तो २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने. त्याच्या वसुलीसाठी २०१३ साली गायकांची ‘इसरा’ ही संस्था उभी राहिली. पण कायद्यातच एक सूट आहे: लग्नाची वरात आणि लग्नाला जोडून होणारे समारंभ यांत गाणं वाजवणं हा हक्कभंग नाही. सूट रास्तच आहे. मुलीच्या लग्नात बापाकडून गाण्याचे पैसे कोण मागणार? मात्र तिचा परिणामही पाहावा. सामंतांची गाणी सर्वांत जास्त वाजतात ती हळदीत आणि वरातीत. म्हणजे त्यांचा सर्वांत मोठा श्रोता जिथे आहे, तिथून त्यांना ना नाव मिळतं ना मोबदला.

पुढची गाणी

आज यूट्यूबवर आगरी-कोळी गाण्यांचा सुकाळ आहे. कंपनी लागत नाही, टीव्हीचं चॅनेल लागत नाही. पण चित्र किती बदललं? २०२४ सालचं सर्वांत गाजलेलं मराठी गाणं घ्या. ‘गुलाबी साडी’त साडी तिची, नखरा तिचा, आवाज मात्र संजू राठोड यांचा. दाजिबात एक बाई गायली आणि नाचताना दुसरी दिसली. इथे बाई फक्त दिसते. स्वतःचं गाणं स्वतः गाऊन, त्यात स्वतः उभी राहून मांडव हलवणारी मराठी बाई त्या उंचीवर अजून यायची आहे. ती आली तर सामंतांनी पाडलेल्या वाटेनेच येईल, कारण मराठीत बाईच्या आवाजावर सगळ्या वस्त्या एकत्र नाचतात हे त्यांनी सिद्ध करून ठेवलं आहे.

तोवर एक साधी सुधारणा ठाणे-डोंबिवलीकरांच्या हातात आहे. दिवाळी पहाटेचा निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायिका ही नावं घेतल्याशिवाय भावगीत सुरू होऊ देत नाही. अलीकडे फडके रोडवर आणि तलावपाळीला डीजेचे मंच लागतात. तिथे माइक असतो, माइकवर बडबडणारा असतो आणि पुढाऱ्यांची नावं तर दर पाच मिनिटांनी घेतली जातात. त्या यादीत गाणारीचं नाव घालायला खर्च शून्य आहे. ते घेतलं जात नाही, कारण या गाण्यांना आपण अजून ‘नाचायची गाणी’ समजतो, कुणीतरी मेहनतीने गायलेली गाणी समजत नाही.