कोयता घ्यावा की कुऱ्हाड? घरासाठी तोडण्या-फोडण्याचे अवजार निवडताना

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत लाकडाशी काहीच संबंध नाही, असे घर शोधून सापडायचे नाही. गॅसची शेगडी घरोघरी आली, तरी हिवाळ्यात अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. वलीम्याची देग लाकडाशिवाय शिजत नाही. शेताच्या कुंपणाला काट्या लागतात, मांडवाला बांबू लागतो. म्हणजे तोडायला आणि फोडायला एखादे दणकट अवजार घरात हवेच.

पूर्वी याची निवड सोपी होती. बाजाराच्या दिवशी लोहाराकडे जायचे, काम सांगायचे आणि पाते घेऊन यायचे. आता मोबाइलवर जाहिराती येतात. मॅशेटी, पारंग, खुकरी अशा नावांचे हातभर लांब सुरे, काळी मूठ, कमरेला लावायचे म्यान. आमच्या वर्गातली नववी-दहावीची मुलेसुद्धा विचारतात, "सर, हे कोयत्यापेक्षा भारी असते का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरात पैसा आहे, हातपाय शाबूत राहणे आहे आणि कायदाही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोडणे वेगळे, फोडणे वेगळे

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही. फांदी आडवी तोडताना लाकडाचे तंतू कापायचे असतात. त्याला पातळ आणि तीक्ष्ण धार लागते. ओंडका उभा फोडताना तंतू कापायचे नसतात, एकमेकांपासून दूर ढकलायचे असतात. त्याला पाचरीसारखे जाड आणि वजनदार डोके लागते. जे पाते तोडायला उत्तम, ते फोडताना लाकडात रुतून बसते. फोडायला उत्तम असलेले पाते हिरव्या फांदीवरून नुसते उसळते. एकच अवजार दोन्ही कामे सारखीच करील, हे जाहिरातीत शोभते, अंगणात नाही.

कोयता

आपल्याकडचा कोयता साधारण हातभर लांब, पाठीला जाड आणि टोकाला आत वळलेला असतो. हा बाक शोभेचा नाही. तो काटेरी फांदी ओढून घेतो, आणि घाव चुकला तर धार सरळ दगडावर आपटण्यापासून बऱ्याच अंशी वाचते. मनगटाएवढी फांदी, बांबू, तुराट्या, पऱ्हाट्या, कुंपणाची छाटणी ही कोयत्याची कामे. चांगला लोहार गाडीच्या जुन्या कमानीच्या पट्टीपासून कोयता घडवतो. ते पोलाद मुळात लवचीक आणि कणखर असते. त्याला नीट पाणी दिले, की धार टिकते. पाणी जास्त कडक झाले तर पाते तडकते, कमी पडले तर धार मुडपते. लोहाराची खरी कसोटी इथेच लागते.

कुऱ्हाड, पाचर आणि घण

ओंडका फोडायला कुऱ्हाडीला तोड नाही. लांब दांड्यामुळे घावाला वेग येतो आणि सारे वजन एका जागी पडते. मात्र झाड तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची असते, फोडायची जाड. बाजारात दोन्ही मिळतात, तेव्हा काम सांगूनच घ्यावी. दांडा धावड्याचा असेल तर उत्तम. आपल्या जंगलातले हे लाकूड चिवट आहे, धक्का सोसते. गाठीचा ओंडका असेल तर कुऱ्हाडीशीही झगडू नये. लोखंडी पाचर ठेवावी आणि घणाने ठोकावी.

सत्तूर आणि बुगदा

बकरी ईद जवळ आली, की घरातला सत्तूर किंवा बुगदा बाहेर निघतो. तो हाडासाठी आहे, लाकडासाठी नाही. त्याची मूठ आखूड असते, त्यामुळे घसरला तर बोटे वाचत नाहीत. शिवाय लाकडावर एकदा चालवलेली धार मांसाच्या कामाला राहत नाही. जबह करण्याची सुरी तर पूर्ण वेगळी ठेवावी. जनावराला यातना होऊ नयेत म्हणून सुरीला नीट धार लावून घ्या, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. ज्या सुरीने काल काटक्या तोडल्या, तिने ही शिकवण पाळता येणार नाही.

बाहेरदेशचे सुरे

मॅशेटी मूळ लॅटिन अमेरिकेतली. ऊस आणि ओले गवत-झुडूप साफ करण्यासाठी ती लांब, पातळ आणि हलकी केलेली असते. पारंग मलेशिया-इंडोनेशियाच्या जंगलातला. त्याचे वजन पुढच्या भागात असते, म्हणून जाड फांदीवर तो बरा चालतो. खुकरी नेपाळची. आखूड असूनही तिचा घाव जोरदार बसतो. तिन्ही आपापल्या देशांत शेतकऱ्यांची आणि गरीब कष्टकऱ्यांची रोजची अवजारे आहेत. तिथल्या माणसांनी तिथल्या झाडांसाठी ती घडवली. आपल्याकडे वाळलेली बाभूळ, ऐन, धावडा अशी कठीण लाकडे. त्यांवर पातळ मॅशेटी हात झिणझिण्या आणते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अंगणात आम्ही हे तपासून पाहिले. टालावरून बाभळीचे वाळलेले ओंडके आणले. शेतातल्या सुबाभळीच्या ओल्या फांद्या आणि दोन हिरवे बांबू होतेच. ओल्या बारीक फांद्यांवर शेजाऱ्याकडची मॅशेटी सर्वांत चपळ ठरली. बांबूवर कोयता पुढे गेला. ओंडक्यांवर मात्र दोन्ही रुतून बसले, आणि जुन्या फोडणीच्या कुऱ्हाडीने दोन-तीन घावांत काम उरकले. नंतर मॅशेटीची धार पाहिली तर दोन ठिकाणी मुडपलेली. हे सारे लोहाराला सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "गुरुजी, पातं जड पायजे का हलकं, हे माले नका विचारू, लाकडाले विचारा."

विकत घेताना काय पाहावे

पात्याचे लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेले असावे. अर्ध्यात संपले असेल तर एखाद्या दिवशी पाते निसटून समोरच्यावर जाईल. रिव्हेट हलता कामा नयेत. नखाने टिचकी मारली की खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असण्याचा संभव असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, वजन वापरणाऱ्याला पेलावे. आपल्या घरांत सरपण फोडण्याचे काम पुष्कळदा अम्मी किंवा भाभी करतात, पण कुऱ्हाड घेताना माप अब्बूंच्या हाताचे घेतले जाते. जिला वापरायची, तिच्याच हातात देऊन पाहावी.

बांबू तोडण्याची रीत

बांबू हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे धन. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाना पुस्तक मिळाले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बुरुड कारागीर तर पिढ्यान्‌पिढ्या बारीक पात्याने कामट्या काढत आले आहेत.

त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कोवळा बांबू तोडू नये. पावसाळ्यात बेटाला हात लावू नये, कारण तेव्हा नवे कोंब निघतात. घाव जमिनीजवळच्या पेऱ्याच्या लगेच वर घालावा. पेऱ्याच्या बऱ्याच वर तोडले तर खुंटाच्या पोकळीत पाणी साचते आणि तो कुजतो. बोथट कोयत्याने खुंट चिरफाळतो, म्हणून आधी धार, मग घाव.

कायदा काय म्हणतो

१९५९ च्या शस्त्र कायद्यात घरगुती आणि शेतीच्या कामासाठीच बनवलेल्या वस्तूंना सूट आहे. पण ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू अशा कामासाठी बनवलेला नसेल, तर नियमांनुसार तो शस्त्रांत मोडतो. शेतात कोयता नेणे वेगळे आणि ऑनलाइन मागवलेला लढाऊ थाटाचा सुरा कमरेला लावून चौकात फिरणे वेगळे. सणासुदीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेशही निघतात. तेव्हा अवजार न्यायचेच असेल तर कामापुरते, गुंडाळून न्यावे.

अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकूही येतो. ताडोबा-अंधारीच्या आसपास राहणाऱ्यांनी हे विसरू नये. शिवाय सरपण गोळा करताना माणूस वाकलेला असतो, लक्ष जमिनीकडे असते, आणि वाघाचे हल्ले अशा वेळी होतात. हातात कितीही मोठा कोयता असला, तरी तो वाघापासून वाचवत नाही. सोबत चार माणसे, बोलता आवाज आणि दिवसाचा उजेड, हेच खरे संरक्षण.

तरुण मुलांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हातात सुरा घेऊन काढलेला रील दोन मिनिटांची वाहवा देतो, पण पोलीस ठाण्यातली नोंद नोकरीच्या पडताळणीपर्यंत पाठ सोडत नाही. आई-वडिलांनी पार्सल उघडताना जवळ बसावे आणि शांतपणे विचारावे, "बेटा, यानं कोणतं काम करणार आहेस?" उत्तर नसेल तर वस्तू परत पाठवावी.

एवढे पाळावे

ओंडका जमिनीवर नव्हे, रुंद ठोकळ्यावर ठेवून फोडावा. पाय फाकवून उभे राहावे. ओंडका हाताने धरू नये. ओढणी आवरून बांधावी, लहान मुलांना लांब ठेवावे. पाते देताना मूठ समोरच्याकडे करावी. काम संपले की पुसून, तेलाचा हात फिरवून उंचावर ठेवावे. जखम झालीच तर स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरावे. राख, तंबाखू किंवा हळद भरू नये. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

हदीसमध्ये एका गरजू अन्सारी सहाबींची हकीकत येते. ते मदत मागायला आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरातील एक वस्त्र आणि एक वाटी दोन दिरहमला विकायला लावली. एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणवले, स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवला आणि त्यांना लाकडे तोडून विकायला धाडले. पंधरा दिवसांनी ते दहा दिरहम कमावून परतले.

पाते हातात आले तेव्हा त्या माणसाला कोणाला भिववायचे नव्हते, घर चालवायचे होते. आपल्या घरात येणारा कोयता असो की कुऱ्हाड, ती याच कामासाठी यावी.